एकबारी

रास अल खैमाच्या बाहेर, डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा क्लब
शनिवारी आठला उघडतो.
खल्फान काउंटरवर पाच बंदुका मांडतो, सगळ्या बावीसच्या,
कासार बांगड्या काढतो तशा:
आधी हात बघून.

माझं मनगट बघतो, चष्मा बघतो, पोट बघतो.
म्हणतो, ही घ्या. दहा गोळ्यांची मॅगझिन.
चाप ओढत राहायचं, बस्स.
जिनेशनं तीच घेतली.
शेजारच्या गल्लीत मोहरी तडतडली,
कागदावर तीन भोकं,
आणि जिनेश पुढची मॅगझिन मागतोय.

दुसरी प्लास्टिकच्या दस्त्याची, पोरांच्या मापाची.
गाल टेकेपर्यंत मान गेली.
तिसरीला दुर्बीण.
तिच्यातला काळा क्रॉस कागदावर थरथरत होता,
थोड्या वेळानं कळलं, ती नाडी आहे, माझीच.
सत्तावन्नाव्या वर्षी स्वतःचं काळीज
इतक्या जवळून बघू नये.
चौथीचा चाप
सरकारी कचेरीतल्या ड्रॉवरसारखा.

पाचवी त्यानं दाखवायची म्हणून दाखवली.
अक्रोडी दस्ता, गालाच्या जागी
कुणाकुणाचा घाम पिऊन फिका पडलेला.
मॅगझिन नाहीच.
बोल्ट मागे. बोटानं एक गोळी ठेवा.
बोल्ट पुढे, मग खाली. श्वास अर्धा सोडा.
बार.
आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"ही कोणी घेत नाही," खल्फान म्हणाला,
"हिच्यात फार वेळ जातो."

हीच द्या, म्हणालो.
का, ते सांगितलं नाही. माझ्या हिंदीत ते मावलं नसतं,
अरबीत तर भाव करण्यापलीकडे माझी मजल नाही.
टाइल्सच्या कारखान्यात माझ्या डोळ्यांखालून
मिनिटाला चाळीस फरशा जातात.
चीर, पोचा, रंगाचा ठिपका,
नापास फरशीवर रेघ मारेपर्यंत पुढची आलेली.
सव्वीस वर्षं झाली.
एक फरशी धडपणे बघितलेली आठवत नाही.

पन्नासची पेटी फोडली.
टेबलावर कोपर, दोन रेतीच्या पिशव्या, पन्नास मीटरवर कागद.
पहिली गोळी कुठे गेली, देव जाणे.
दुसरी डावीकडे.
सातवीनंतर मी जिनेशचा आवाज ऐकायचं थांबलो.
प्रत्येक पुंगळी उचलून बघत होतो:
मधोमध कोरी,
कडेवर बारीकशी खोच.
या जातीची गोळी कडेवर मार बसला
की पेटते.

मिरजेला, एनसीसीत, माणशी पाच गोळ्या असायच्या.
आणि पाच पुंगळ्या मोजून परत.
एकदा चारच भरल्या.
हवालदार इंगवल्यांनी अख्खी तुकडी गवतात रांगायला लावली
दिवेलागणीपर्यंत. कोपरं सोलली पोरांची.
कुणी बोललं नाही. मीही नाही.
माझ्या खिशात ती तोवर गार झाली होती.

इथे कोणी मोजत नाही.
तेजबहादुर लांब झाडूनं पितळ लोटतो,
बादलीत ओततो, किलोवर जातं.
तरी मी दहा-दहाच्या रांगा लावल्या टेबलावर.
चार रांगा. आणि नऊ.
पुन्हा मोजल्या.
नऊच.

खुर्चीखाली वाकलो, मॅट उचलली.
तेज काही न विचारता बाजूला येऊन बसला गुडघ्यांवर,
हातानं सिमेंट चाचपत,
जणू त्याच्याच घरचं काही सांडलंय.
जिनेश थांबला. खल्फान काउंटरवरून मान उंचावून बघतोय.

मग शर्टाच्या खिशावर हात गेला.

कधी ठेवली, मला ठाऊक नाही.
हाताला ठाऊक असणार.

"तेज, ऊठ," मी म्हणालो.
आवाज जरा मोठाच निघाला.
"माझ्याकडे आहे."